गुन्हेगार ‘असणे’ आणि गुन्हेगार ‘ठरणे’

१

न्यायालयात एखाद्याचा गुन्हा शाबित झाला म्हणजे मराठीत आपण ‘तो दोषी ठरला’ असे म्हणतो. ‘तो दोषी आहे’ असेही म्हणतो. या दोन वाक्यांत एका क्रियापदाचे अंतर आहे, आणि त्या अंतरात या देशातील कोट्यवधी माणसांचा इतिहास दडपला गेला आहे.

‘ठरणे’ ही क्रिया कुणीतरी, कधीतरी, कशाच्या तरी आधारावर घडवावी लागते. त्यामुळे ठरवणाऱ्याला प्रश्न विचारता येतात. कोणी ठरवले? कशावरून ठरवले? नेमक्या कोणत्या कृत्याबद्दल ठरवले? ‘असणे’ या क्रियापदाला यातला एकही प्रश्न विचारता येत नाही. डोंगर आहे, नदी आहे, तसा अमुक एक माणूस गुन्हेगार आहे. त्याने काय केले हे सांगण्याची गरज उरत नाही, तो कोण आहे एवढे सांगितले की पुरते. या समाजव्यवस्थेने काही माणसांसाठी ‘ठरणे’ राखून ठेवले आणि काहींच्या वाट्याला फक्त ‘असणे’ दिले. हा भेद कसा घडला, कोणी घडवला आणि तो आजही कसा टिकून आहे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठीत या विषयावरच्या शब्दांची एक उतरंडच आहे. सर्वांत खाली ‘संशय’. त्यावर ‘आळ’. मग ‘ठपका’, मग ‘आरोप’. आणि सर्वांत वर ‘शाबित’ किंवा ‘सिद्ध’. ‘आळ’ या शब्दातच तो खोटा असण्याची शक्यता गृहीत आहे. आळ ‘येतो’, आळ ‘घेतला जातो’, आळ कधी सिद्ध होत नाही. ‘आरोप’ हा शब्द ‘रोपण’ याच्या कुळातला आहे. म्हणजे बाहेरून आणून एखाद्याच्या ठिकाणी लावलेली गोष्ट. ‘शाबित’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ पक्के, स्थिर. शासनाच्या मराठीत शिक्षा झालेल्या कैद्याला ‘सिद्धदोष’ म्हणतात. ज्याचा दोष सिद्ध झाला आहे असा. हा शब्द कितीही बोजड वाटला तरी प्रामाणिक आहे. त्यात सिद्धता आधी येते आणि दोष नंतर.

मी एकलहऱ्याला राहतो. येथून नाशिकरोडला जाताना जेलरोड लागतो. ज्या मध्यवर्ती कारागृहावरून या वस्तीला नाव पडले, ते कारागृह तेथेच आहे. तुरुंगाच्या बोलीने हीच उतरंड दोन शब्दांत बसवली आहे. ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे तो ‘कच्चा कैदी’, ज्याला शिक्षा झाली आहे तो ‘पक्का कैदी’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने दिलेल्या २०२२ अखेरच्या आकड्यांप्रमाणे देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे गजाआड असलेल्या दर चार माणसांपैकी तिघांविषयी अजून काहीच ठरलेले नव्हते. पण त्यांच्या गावाला, शेजाऱ्याला, नोकरी देणाऱ्या मालकाला हा फरक समजावून सांगायला कोण जातो? गावाच्या लेखी जो आत गेला तो पक्काच.

२

‘गुन्हेगार’ हा शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा चेहरा आजच्यासारखा नव्हता. ‘गुनाह’ हा फारसी शब्द. ‘गार’ म्हणजे करणारा. मराठेशाहीच्या न्यायविषयक कागदपत्रांत ‘गुन्हेगारी’ हा शब्द वारंवार येतो, पण तेथे त्याचा अर्थ वृत्ती किंवा जमात असा नाही. गुन्हेगारी म्हणजे दंड. वाद जिंकणाऱ्याने सरकारात भरायची ती ‘हरकी’ आणि हरणाऱ्याने किंवा अपराध्याने भरायची ती ‘गुन्हेगारी’. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या कोशातही या शब्दाचा अर्थ दंड असाच दिला आहे. गुन्हेगारी भरता येत असे, फेडता येत असे. ती रक्कम होती. ती फेडली की विषय मिटे.

त्या काळच्या निवाड्याची रीतही येथे ध्यानात घेतली पाहिजे. वादी तो ‘अग्रवादी’, प्रतिवादी तो ‘पश्चिमवादी’. दोघांकडून निवाडा मान्य करण्याबद्दल ‘राजीनामा’ लिहून घेत. आज ज्या कागदावर आपण नोकरी सोडतो त्याचे नाव तेव्हा संमतिपत्राला होते. गोत जमे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. हरणारा ‘खोटा झाला’ असे म्हणत आणि त्याच्याकडून आपण खोटे ठरल्याचे ‘येजितखत’ लिहून घेत. साक्षीपुराव्याने काम भागले नाही तर दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हात पिशवीत घालून त्यावर मोहोर करायची, आणि काही दिवसांनी हात उघडून पाहायचा. हात पोळला असेल तर खोटा, नसेल तर खरा. ही पद्धत अमानुष होती, अंधश्रद्ध होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीपण एक गोष्ट तीत होती. खोटा ‘होण्यासाठी’ काहीतरी घडावे लागत होते.

आणि येथे एक विलक्षण विसंगती दिसते. गावाच्या शिवेचा तंटा उभा राहिला की शीव दाखवायला महाराला पुढे करीत. गावाची हद्द त्याला ठाऊक, म्हणून त्याच्या शब्दाला किंमत. गावाच्या वतीने दिव्य करण्याची पाळीही अनेकदा त्याच्यावरच येई. म्हणजे ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या सत्यावर गावाची जमीन उभी! पण हे सत्य गावाच्या उपयोगापुरतेच मान्य होते. गावात चोरी झाली की संशय पहिल्यांदा वेशीबाहेरच जाई. चोराचा माग काढण्याचे काम जागल्याचे, रामोशाचे, भिल्लाचे. आणि माग पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन दाखवता आला नाही तर नुकसानीची जबाबदारीही त्याच्यावर. राखणदारच जामीन आणि राखणदारच संशयित, अशी ही गावगाड्याची व्यवस्था होती. येथे व्यक्तीऐवजी जात जबाबदार धरण्याची सवय रुजली. पुढे इंग्रजांनी या सवयीला कायद्याचे कागद दिले.

वरच्या वर्णाच्या बाबतीत मात्र याच काळात ‘ठरणे’ किती काटेकोर होते याचे एक उदाहरण प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्याचा शनिवारवाड्यात खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादाला दोषी ठरवले आणि देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असे सुनावले, अशी ही परंपरेने चालत आलेली हकिकत. रामशास्त्र्यांचा निःस्पृहपणा थोरच. पण पुढे काय झाले? दोषी ठरलेला माणूस पेशवेपदावर बसला आणि न्याय देणाऱ्याला पुणे सोडावे लागले. काही वर्षांनी त्या दोषी माणसाचा मुलगा दुसरा बाजीराव म्हणून गादीवर आला. राघोबाचा गुन्हा राघोबापाशीच थांबला. त्याच्या मुलाला कुणी हजेरीला बोलावले नाही. त्याच्या जातीला कुणी गुन्हेगार जात म्हटले नाही. म्हणू नये हेच बरोबर आहे! एका माणसाचे पाप त्याच्या पोटजातीच्या माथी मारणे हा अन्यायच झाला असता. माझा प्रश्न एवढाच आहे, की हा न्याय पारध्याच्या, कैकाड्याच्या, भामट्याच्या, रामोशाच्या वाट्याला का आला नाही?

३

१८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १८७६ साली तो बंगालला लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात, म्हणजे मुंबई इलाख्यातही, त्याचा अंमल करण्याची सोय झाली. १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करून घेण्यात आला. विधेयक मांडताना सरकारच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्याचा आशय असा होता: या देशात विणकर जातीने विणकर असतो, सुतार जातीने सुतार असतो, त्याअर्थी गुन्हेगारही जातीने गुन्हेगार असणार.

हा युक्तिवाद नीट पाहिला पाहिजे. इंग्रज साहेबाने तो लंडनहून आणला नव्हता. येथल्या धर्मशास्त्राने जन्म आणि कर्म यांची जी गाठ मारून ठेवली होती, तीच त्याने उचलली. चातुर्वर्ण्याचा सिद्धान्त आणि वसाहतवादी राज्यकर्त्याची सोय यांचा हा संगम होता. ज्यांच्या रानावर जंगलखात्याने ताबा घेतला, ज्यांचा मिठाचा आणि धान्याचा बैलावरचा व्यापार रेल्वेने बुडवला, ज्यांच्या किल्ले-चौक्यांवरच्या नोकऱ्या राज्य बदलताच गेल्या, ती माणसे वाटेवर आली. वाटेवरच्या माणसाचा सरकारला नेहमीच धसका असतो. त्याला घर नाही, सातबारा नाही, शेतसारा नाही. त्याचे करायचे काय, या प्रश्नाला कायद्याने एका शब्दात उत्तर दिले: गुन्हेगार.

आता या कायद्याचे व्याकरण पाहा. प्रांतिक सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की एखादी जमात गुन्हेगार होई. ही अधिसूचना चूक आहे असे न्यायालयात म्हणण्याची सोयच कायद्याने ठेवली नव्हती. साक्ष नाही, पुरावा नाही, आरोपपत्र नाही, वकील नाही, निकाल नाही. त्या जमातीत जन्मलेल्या मुलाचे नाव वयात येताच नोंदवहीत जाई, १९११ नंतर बोटांचे ठसे घेतले जात. हजेरी द्यावी लागे, रात्रीसुद्धा. गाव सोडायचे तर पास लागे. ठरावीक गुन्ह्यांबद्दल दुसऱ्यांदा शिक्षा होण्याची पाळी आली तर इतर माणसापेक्षा ती कितीतरी जास्त कडक असे. ‘ठरणे’ या क्रियापदाला कायद्यानेच हद्दपार केले होते. मराठेशाहीत जी गुन्हेगारी दंड भरून फिटत होती, ती आता फिटेना. ती रक्ताचा गुण झाली.

मुंबई इलाख्यात या माणसांसाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. लोकांनी त्यांना ‘सेटलमेंट’ हेच नाव दिले आणि ते मराठीत रुजले. सोलापूरची सेटलमेंट त्यांत मोठी. तेथल्या कापडगिरण्यांना या वसाहतीतून मजूर मिळत. कुंपणाच्या आत हजेरी आणि बाहेर गिरणीचा भोंगा, असे हे जिणे. सुधारणेच्या नावाखाली स्वस्त श्रमाचा पुरवठा चालू होता, असे म्हणावे लागेल.

या वसाहतींचे मुंबई इलाख्यातले प्रमुख अधिकारी होते स्टार्ट साहेब. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट, आणि तिचे एक सभासद होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३० साली या समितीचा अहवाल आला. त्याच साली २ मार्चला आमच्या नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. त्या सत्याग्रहात आमची माणसे तुरुंगात गेली. हुकूम मोडल्याचे त्यांनी नाकारले नाही. ते मोडण्यासाठीच ती गेली होती. कायद्याच्या लेखी ती अपराधी. पण त्यांच्या बाबतीत निदान हे तरी सांगता येत होते, की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक हुकूम मोडला म्हणून अमुक शिक्षा. त्या शिक्षेची त्यांना लाज नव्हती, उलट ती छातीवरचे पदक झाली. सेटलमेंटमध्ये जन्मलेल्या पोराला असे काहीच सांगता येत नव्हते. त्याची शिक्षा त्याच्या कृत्याच्याही आधी सुरू झालेली होती.

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिम जमाती आणि गुन्हेगार जमाती या तीन वर्गांचा एकत्र विचार केला आहे. गुन्हेगार म्हणवल्या गेलेल्यांची संख्या त्यांनी सुमारे दोन कोटी धरली होती. असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती कसे म्हणावे, हा त्यांचा सवाल आहे. त्या सवालातला कटाक्ष महत्त्वाचा आहे. दोन कोटी माणसांकडे बोट दाखवून ‘हे गुन्हेगार’ असे म्हणणाऱ्या व्यवस्थेलाच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

४

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त समाज हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. महाराष्ट्रात १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती अशी यादी झाली. पण हा ‘विमुक्त’ शब्दही तपासून पाहा. विमुक्त, म्हणजे सोडून दिलेला. कशातून सोडलेला? गुन्ह्यातून. म्हणजे सुटकेच्या शब्दालाही जुन्या कुंपणाची तार चिकटलेली आहे. ज्यांचा गुन्हा कधी सिद्धच झाला नव्हता त्यांना ‘निर्दोष’ म्हणायला हवे होते. स्वतंत्र देशाने त्यांना फक्त मोकळे केले. ते निर्दोष होते असे मात्र म्हटले नाही.

त्यानंतर आला ‘सराईत’. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. कागदावर पाहता त्यात जात नाही. वारंवार शिक्षा झालेली असणे ही त्याची कसोटी आहे. कागदावर ‘ठरणे’ परत आले. पण पोलीस ठाण्यातल्या जुन्या नजरेला नवा शब्द मिळाला एवढेच प्रत्यक्षात झाले. रात्री पाल टाकले की सकाळी चौकशी. जत्रेत पाकीट गेले की पहिली धाड पालावर. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले तेव्हा मराठी वाचकाला धक्का बसला. गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला जे नाव दिले ते समाजाने त्यांच्या जमातीला दिलेले नाव आहे. उचलणारा तो उचल्या. कृत्याचे नाव माणसाला, आणि माणसाचे नाव पिढ्यांना.

भाषाच कशी फिर्यादी होते याचे दुसरे उदाहरण आमच्याच पंचक्रोशीतले आहे. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. ‘जात चोरणे’ हा मराठीतला रूढ वाक्प्रचार आहे. खोली मिळावी, काम मिळावे म्हणून माणसाने स्वतःची जात सांगितली नाही, तर ती चोरी! स्वतःचीच वस्तू स्वतःपाशी ठेवली तर तिला चोरी कसे म्हणता येईल? पण मराठी म्हणते. ज्याने खोली नाकारली त्याच्यासाठी भाषेकडे शब्द नाही. ज्याला नाकारली त्याच्यासाठी मात्र ‘चोर’ हा शब्द तयार आहे.

माझे वडील ठेकेदाराच्या हाताखाली मजुरी करीत. आम्ही तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होतो. कामावरची तांब्याची तार चोरीला गेली म्हणून वस्तीतल्या चौघांना चौकीत नेऊन दोन रात्री बसवून ठेवले. तार दुसरीकडेच सापडली. कागद झाला नाही, फिर्याद झाली नाही, माफीही कुणी मागितली नाही. पुढे कित्येक वर्षे गावात बापाची ओळख ‘आत जाऊन आलेला’ अशीच होती. मी शाळेत हुशार निघालो तेव्हा एका गृहस्थांनी कौतुकाने म्हटले, “बाप तसला, पण पोरगं गुणी निघालं.” आईने ते ऐकले आणि ती म्हणाली, “तसला म्हंजी कसला, ते तरी सांगा.” या निबंधात मी एवढे शब्द खर्च करून जे म्हणतो आहे, ते तिने एका वाक्यात विचारले होते. चार यत्ताही न शिकलेल्या बाईला ‘असणे’ आणि ‘ठरणे’ यांतला फरक कळत होता.

५

हा केवळ शब्दांचा खेळ नाही, त्याला माणसाच्या गळ्यातला फास जोडलेला आहे, हे नाशिकमधल्याच एका खटल्याने दाखवून दिले. २००३ च्या जून महिन्यात नाशिक परिसरात शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, अत्याचार झाले. गुन्हा अत्यंत घृणास्पद होता. भटक्या जमातींतल्या सहा गरीब माणसांना पोलिसांनी पकडले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे देशातल्या सर्वोच्च पीठाने त्यांना ‘सिद्धदोष’ केले. यापुढे अपील कोठे करायचे?

पण हा निकाल पुढे पुनर्विचारासाठी परत उघडला गेला. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, त्या दिशेने तपासच झाला नाही, असे न्यायालयाला आढळले. समाजाच्या तळातल्या भटक्या माणसांना या प्रकरणात गोवले गेले, हे न्यायालयाने नोंदवले. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षे गेली होती. पकडले तेव्हा तरुण असलेली माणसे प्रौढ होऊन बाहेर आली.

या खटल्यात ‘ठरणे’ तीनदा घडले, आणि तिन्ही वेळा ते ‘असण्या’वर उभे होते असे मला दिसते. पालावरचा माणूस हाताशी सापडला, तो तसला असणारच, मग पुरावा त्याच्याभोवती बसवायचा. ‘सिद्धदोष’ या शब्दात सिद्धता आधी येते असे मी वर म्हटले. येथे तो क्रम उलटला. दोष आधी गृहीत धरला आणि सिद्धता मागाहून जमवली.

अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातवार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. ‘सराईत’ हा शब्द कायद्यातल्या व्याख्येबाहेर वापरू नका, विमुक्त जमातींना मनमानी अटक करू नका, असेही सांगितले. १८७१ च्या कायद्याची सावली स्वतंत्र भारताच्या तुरुंगांच्या पुस्तकांत २०२४ पर्यंत पडलेली होती, हे यावरून सिद्ध होते. येथे ‘सिद्ध’ हा शब्द मी पूर्ण जबाबदारीने वापरतो आहे.

६

आता चळवळीतल्या आपल्या लोकांपुढे दोन गोष्टी मांडायच्या आहेत.

पहिली. ‘दोषी ठरणे’ याच्या मागे ‘कशाबद्दल’ हा प्रश्न असतोच, आणि आपण तो सोडता कामा नये. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली. वर्तमानपत्रांनी ‘दोषी ठरले’ असे छापले आणि ते खरेच होते. पण ते खुनाबद्दल दोषी ठरले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा सिद्ध झाला असे न्यायालयाने मानले नाही. माणसे मारली हे ठरले; जातीमुळे मारली हे ठरले नाही. म्हणजे आरोपी दोषी ठरले आणि जात निर्दोष सुटली! फाशी झाली की जन्मठेप, यावरच लक्ष ठेवून आपण घोषणा देतो. शिक्षेच्या वर्षांपेक्षा दोषाचे नाव अधिक महत्त्वाचे असते, कारण इतिहास ते नाव लक्षात ठेवतो.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. आपल्या वस्त्यांतही पारध्याचे पाल पडले की सायकली आत घेतल्या जातात. आपल्या सभांत, प्राध्यापकांच्या निबंधांत, कधी परिवर्तनवादी म्हणवणाऱ्या नियतकालिकांतही ‘गुन्हेगार जमाती’ असा शब्द अवतरणचिन्हांशिवाय छापला जातो. जणू ती एक मानववंशशास्त्रीय वस्तुस्थिती आहे! कायदा रद्द झाला पण वाक्य रद्द झाले नाही. ज्यांना ‘अस्पृश्य असणे’ म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांनी दुसऱ्याला ‘गुन्हेगार असणे’ बहाल करावे, ही जातिव्यवस्थेने आपल्यावर मिळवलेली सूक्ष्म मात आहे. विटाळ आणि गुन्हा या दोन्ही कल्पनांची मांडणी सारखीच आहे. दोन्हींत माणसाने काहीही करावे लागत नाही. जन्मणे पुरते.

कुणी म्हणेल, मग अत्याचार करणाऱ्यांनाही तुम्ही पुराव्याचा फायदा देणार का? होय, द्यावा लागेल. ‘आरोपीला ठेचा’ म्हणणाऱ्या जमावाने आजवर सर्वांत अधिक कोणाला ठेचले, याचा हिशेब मांडला तर तो आपल्याच वस्त्यांवर येऊन थांबतो. पुरावा, साक्ष, उलटतपासणी, निकाल ही लांबलचक वाट सवर्णांच्या सोयीसाठी केलेली आहे असे आपल्या तरुणांना वाटते, कारण तिच्यावरून अत्याचाराचे आरोपी सुटताना ते पाहतात. त्यांचा संताप खरा आहे. परंतु ते सुटतात ते तपास निकामी होतो, साक्षीदार फोडले जातात, सरकारी वकील उदासीन असतो म्हणून. या गोष्टींविरुद्ध लढावे. ती वाटच मोडून टाकली तर पहिला बळी पालावरचा जाईल आणि दुसरा आपला.

मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो की ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ हे एकाच धातूचे शब्द आहेत. शिकणे, शिकवणे हाच दोन्हींचा मूळ अर्थ. आपल्या पूर्वजांना शिक्षण नाकारणाऱ्या व्यवस्थेने शिक्षा मात्र हात सैल सोडून वाटली. आता आपल्या हाती लेखणी आली आहे, तर निदान एवढे पथ्य पाळू. कोणत्याही माणसाविषयी, कोणत्याही जमातीविषयी ‘गुन्हेगार’ हा शब्द लिहिण्यापूर्वी पुढचे क्रियापद तपासू. ‘ठरला’ असे लिहिता येत असेल, आणि कोणी, कधी, कशावरून, कशाबद्दल ठरवले हे सांगता येत असेल, तरच तो शब्द लिहू. नाहीतर तो खोडून त्या जागी माणसाचे नाव लिहू.